कमानीतली पुसट ओळ

७ फेब्रुवारी

या घरात राहायला आल्यापासून रागवावं असं काही सापडतच नव्हतं. नळाला पाणी येतं, लिफ्ट चालते, शेजारी भेटले की हसतात. निवृत्त बाईनं दिवस काढायचा तरी कसा? आज सापडलं.

आमची ही इमारत म्हणजे पूर्वीची सूतगिरणी. जिथे यंत्रं उभी होती त्या दालनाचे तुकडे पाडून बिल्डरने फ्लॅट काढले आहेत. आमच्या बैठकीच्या ऐन मधोमध एक लोखंडी खांब आहे. बिल्डर त्याला वारसा म्हणतो, मी अडथळा म्हणते, धाकटी त्याला छत्री अडकवते. धाकटी म्हणजे माझी बहीण. जन्मभर इस्पितळात नर्स होती, त्यामुळे तिला घाई कशाचीच नाही.

तर, खाली प्रवेशाची दगडी कमान आहे. तिच्यात एका बाजूला, जेमतेम कमरेच्या वर येईल इतक्या उंचीवर, एक दगड बसवलेला आहे आणि त्याच्यापुढे प्लास्टिकच्या झाडाची कुंडी. आज माझी किल्ली कुंडीमागे पडली म्हणून मी वाकले, तर दगडावर अक्षरं दिसली. गिरणीच्या कताई खात्यातली एक मुलगी, वय चौदा, यंत्राच्या पट्ट्यात सापडून मृत्यू पावली. खाली सन आहे, एकोणिसाव्या शतकातलं. नाव नाही. त्याखालची एक ओळ पार पुसलेली. आणि शेवटी ठसठशीत अक्षरांत, 'सर्व कामगारांनी बोध घ्यावा.'

बोध घ्यावा, पण कशाचा? मधली ओळच गायब! कॉन्व्हेंटमध्ये आमच्या सिस्टर अर्धवट वाक्याला शून्य मार्क द्यायच्या आणि वर उभं करायच्या. इथे एका मेलेल्या मुलीबद्दलचं वाक्य अर्धवट पडलंय आणि त्यापुढे लोकांनी खोटं झाड ठेवलंय.

सोसायटीला पत्र लिहिलं. दगड होता तसा पूर्ववत करावा, अक्षर न् अक्षर, काही कमी नाही, काही जास्त नाही. शेवटचं वाक्य दोनदा अधोरेखित केलं. धाकटीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, छान झालंय, आता जेव.

११ फेब्रुवारी

अध्यक्ष भेटले. बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले. अजूनही काचेच्या भोकातून बोलल्यासारखे बोलतात. त्यांचं म्हणणं असं की लोक घरी येतात तेव्हा प्रसन्न वाटायला हवं, त्या दगडानं उदास वाटतं. मी म्हटलं, इथे एक मुलगी मेली आणि तुम्ही तिच्यापुढे झाड ठेवलंत तेही प्लास्टिकचं, पाणीसुद्धा घालायला नको म्हणून. ते म्हणाले, "हो, मेन्टेनन्सच्या दृष्टीनं ते सोयीचं पडतं, मॅडम." माणूस विनोद करत नव्हता.

घरी आले तर धाकटी जाग्यावर नाही. दुपार उलटल्यावर उगवली. अध्यक्षांच्या आईकडे पत्ते खेळत होती. लिफ्टमध्ये ओळख झाली म्हणे. मी विचारलं, शत्रूच्या घरी?

"शत्रू घरी नव्हता, ताई. त्याची आई होती. फार गोड आहेत. पत्त्यांत फसवतात."

१९ फेब्रुवारी

जिंकले. सभेत ठराव पास झाला. दगड साफ करून सगळी अक्षरं पुन्हा कोरून घ्यायची, अगदी होती तशी. पाथरवट पुढच्या महिनाअखेर येणार. तोपर्यंत पुसलेल्या ओळीचा मजकूर शोधून देण्याचं काम माझ्याकडे. माझ्या मुद्द्यांपुढे अध्यक्षांचं काही चाललं नाही. धाकटी म्हणते की त्यांच्या आईंनीच सकाळी त्यांना 'त्या पोरीपुढची कुंडी आधी उचल' म्हणून सांगितलं होतं. असेल. योगायोग म्हणायचा. माझं भाषण ऐकून दोघांनी टाळ्या वाजवल्या, हे तिनं स्वतः पाहिलंय.

कुंडी आता लिफ्टशेजारी आहे. तिथे तिला पाय अडकून कुणी पडेल. त्याचं पत्र उद्या.

२६ फेब्रुवारी

आज ओळ वाचली.

दगडावर पातळ कागद धरला आणि कोळशाची पेन्सिल आडवी घासली. लहानपणी नाण्यावर कागद ठेवून करायचो तसंच. धाकटीनं कागद ताणून धरला होता. पुसलेल्या ओळीवर आधी नुसती काळोखी उमटली. मग हळूच एक शब्द वर आला, 'स्वतःच्या'. मग दुसरा. कागद तीनदा बदलला, पण आता शंका नाही.

'हा मृत्यू तिच्या स्वतःच्या हलगर्जीपणामुळे झाला.'

मी तिथेच पायरीवर बसले. मी नोकरीभर विमा कंपनीत कामगारांच्या अपघातांचे कागद पाहिले. हे वाक्य माझ्या चांगल्या ओळखीचं आहे. याला कधी उशीर होत नाही. माणूस इस्पितळात पोचायच्या आधी हे वाक्य ऑफिसात पोचलेलं असतं. असे किती कागद मी परत पाठवले! साहेबलोक मला माझ्या माघारी 'परत बाई' म्हणायचे. मला ते आवडायचं, हे मी त्यांना कळू दिलं नाही.

ती कशी गेली असेल हे मला कुणी सांगायला नको. यंत्राखाली कापसाचा तूस साचतो. तो झाडायला आत शिरेल असं अंग लहान मुलींचंच. झाडताना यंत्र बंद करावं असा नियम भिंतीवर रंगवलेला असणार, आणि यंत्र बंद केलं की मुकादम वरून ओरडणार. म्हणजे नियम मालकाचा, घाईही मालकाची, आणि चूक मात्र चौदा वर्षांच्या मुलीची. वर नाव लिहायचीही तसदी नाही. दगड एवढा खाली का बसवला तेही आज कळलं. बाकीच्या मुलींना वाचता यावा म्हणून. स्मारक कसलं, ती दटावणी होती.

धाकटी माझी काळी झालेली बोटं धूत होती. म्हणाली, "सकाळी कुणी त्या पोरीची वेणी घट्ट घालून दिली असेल का गं?"

मी दुसरा हात पुढे केला.

२८ फेब्रुवारी

अध्यक्षांना सांगितलं की ती ओळ कोरायची नाही. त्यांनी फाइल उघडली, माझं पत्र काढलं आणि मलाच वाचून दाखवलं. अक्षर न् अक्षर, काही कमी नाही, काही जास्त नाही. "दोनदा अधोरेखितही केलंय तुम्ही, मॅडम." ठराव झालाय, पाथरवटाला शब्द दिलाय, आणि इतिहासात आपण ढवळाढवळ करणं बरं नव्हे.

माझ्याच शब्दांनी मला कुणी असं कधी गाठलं नव्हतं. माणूस दिसतो तितका बावळट नाही.

६ मार्च

घरात आता तिला आम्ही 'पोरगी' म्हणतो. म्हणजे धाकटी म्हणते, मी चालवून घेते. पोरगीला आज ऊन मिळालं, पोरगीच्या दगडावर कुणीतरी सायकल टेकवली होती, वगैरे. आम्ही दोघीही बिनलग्नाच्या. चौदा वर्षांचं कुणी आमच्या घरात आजवर नव्हतं.

खरं सांगायचं तर मनाचं काही ठरत नाही. अध्यक्ष इतिहासाबद्दल बोलले ते अगदीच चूक नाही. खोटं असलं तरी ते तिथे लिहिलेलं होतं. मी ते गाळलं, तर पुढे कुणाला कळणारही नाही की असं लिहिण्याची मालकाची हिंमत झाली होती. आणि मी ते कोरू दिलं, तर ठसठशीत नव्या अक्षरांत त्या मुलीला पुन्हा एकदा हलगर्जी ठरवायचं काम मी स्वतः पत्र लिहून, भाषण करून, मागून घेतलं असं होईल. याआधी मी कुणाचंही इतकं वाईट केलेलं नाही, आणि हे तर हौसेनं.

धाकटीला विचारलं, तर म्हणाली सोमवारी अध्यक्षांच्या आईंना जरा मोकळ्या हवेत न्यायचंय, चाकाच्या खुर्चीला मदत लागेल, तू ये. मी काय विचारतेय आणि ही काय बोलतेय!

९ मार्च

मावशींना घेऊन खाली गेलो. मावशी म्हणजे अध्यक्षांच्या आई. नव्वदीच्या आसपास आहेत, अंगानं चिमणीएवढ्या, डोळे मात्र लखलखीत. लिफ्टमध्ये मला म्हणाल्या, "तुम्हीच का त्या भांडणाऱ्या?" मी हो म्हटलं. म्हणाल्या, "बरं आहे. घरात एक असावी."

जाताना कमानीत धाकटीनं खुर्ची का कोण जाणे अगदी दगडाला लगटून थांबवली. मावशींनी हात लांब करून अंगठा दगडावर टेकवला, बहुधा तोल सावरायला, आणि बोलता बोलता तो इकडून तिकडे फिरवत बसल्या. गेल्या महिन्यात मी कागद घासला तेव्हाची कोळशाची भुकटी तिथे राहिली होती. अंगठा काळा झाला. मला जरा राग आला, पण नव्वदीच्या बाईला काय बोलणार? रुमाल दिला. धाकटी माझ्याकडे अशी बघत होती की मी काहीतरी बोलावं. मी म्हटलं, ब्रेक लावत जा, मावशी धक्क्यानं पडतील.

बागेत बसून तिघी पत्ते खेळलो. मावशी खरंच फसवतात. दुपार छान गेली.

१३ मार्च

आज एक गोष्ट ध्यानात आली आणि ती आधी आली नाही याची लाज वाटते. अपघाताची जागा बघायला जायचे तेव्हा मी आधी झीज पाहायचे. जिन्याची कुठली पायरी झिजली आहे, कठडा कुठे गुळगुळीत झालाय, यावरून माणसं खरोखर कुठून जात होती ते कळतं. आणि या दगडाला मी साधा हात लावला नव्हता!

लावला. वरच्या आणि खालच्या ओळी ऊनवाऱ्यानं खडबडीत झाल्या आहेत. मधली ओळ मात्र खोलगट आणि गुळगुळीत, जुन्या चमच्याच्या पोटासारखी. पाऊस एकच ओळ निवडून पुसत नाही. ही घासून काढलेली आहे.

कुणी? अर्थात मालकांनी. पुढच्या पिढीतल्या कुणाला तरी लाज वाटली असणार, किंवा पाहुणे यायचे असणार. गडी लावून ओळ घासून घेतली. म्हणजे आधी मुलीवर खापर फोडायचं आणि मग खापराचे तुकडेही झाडून टाकायचे. वा रे शहाणे!

तेव्हा माझं मत आता पक्कं झालं. ओळ कोरायचीच. चांगली खोल कोरायची. आणि शेजारी दुसरा दगड बसवून त्यावर खरं काय ते लिहायचं. लपवालपवी मी चालवून घेणार नाही.

धाकटीला सांगितलं. ती म्हणाली, "मालकांनी पुसली असं तुला नक्की वाटतं?" मी म्हटलं, मग कुणी, भुतांनी? ती भाजी निवडायला बसली.

१६ मार्च

भाषणाची चार पानं झाली. दुसरं पान फार बरं उतरलंय. अध्यक्षांना कल्पना दिली. ओळ कोरायची म्हणताच त्यांचा चेहरा उजळला. आमचं पहिल्यांदाच एकमत झालं. संध्याकाळी बिस्किटांचा डबा पाठवला त्यांनी. खाऊन पाहिली, बरी आहेत.

२२ मार्च

सभा झाली. सगळं नीट लिहून ठेवते.

खाली पोर्चमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. धाकटी मावशींना घेऊन आली आणि पुढेच बसली. मला वाटलं, म्हातारीला घरी कंटाळा आला असेल. मी चारही पानं वाचली. अध्यक्षांनी उभं राहून अनुमोदन दिलं. हात वर करा म्हणताच बहुतेक हात वर झाले. तेवढ्यात मावशींनी विचारलं, "काय कोरणार म्हणता?"

अध्यक्ष जरा मोठ्यानं म्हणाले, "आई, तो कमानीतला दगड. त्यातली एक ओळ पुसली गेलीय ना, ती परत कोरायची."

"पुसली गेली नाही रे. आम्ही पुसली."

मग त्यांनी सांगितलं. कुणाला ऐकवायचं म्हणून नाही, पत्ते पिसता पिसता बोलावं तसं. त्या लहानपणी याच गिरणीत सुताच्या कांड्या भरायच्या खात्यात होत्या. सकाळी भोंगा व्हायच्या आधी मुलींची एकेरी रांग कमानीत उभी असे. आतला छोटा दरवाजा उघडेपर्यंत जिची जागा दगडापाशी येई, तिनं अंगठ्यानं ती ओळ घासायची. रांग सरकली की पुढची. नव्या मुलीचा पहिला दिवस असला की थोरली मुलगी तिचा अंगठा धरून तिथे ठेवून दाखवायची. मावशींना जिनं दाखवलं तिला तिच्या आधीच्या मुलीनं दाखवलं होतं. कुणी थुंकी लावायची, कुणी हातातल्या, सूत ओढायच्या लोखंडी आकड्याच्या टोकानं खरवडायची. मुकादम हाकलायचा. मग तो गेला की पुन्हा.

अध्यक्षांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. "आई, तू तर गिरणीच्या ऑफिसात होतीस ना?"

"तू तसं सांगतोस लोकांना. मी कधी म्हटलं?"

मी विचारलं की ओळीत काय लिहिलंय ते मुलींना माहीत होतं का.

"नाही हो. आमच्या वेळेपर्यंत डोळ्यांना दिसेल असं अक्षर राहिलंच नव्हतं. पुसायचं, एवढं ठाऊक." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही वाचलंय म्हणे. काय होतं?"

सगळी सभा माझ्याकडे बघायला लागली. खाली वाकून त्यांच्या कानाशी ती ओळ म्हटली, जशी होती तशी.

त्यांनी मान हलवली. जरा वेळ अंगठ्याकडे बघत राहिल्या. "मग बरोबरच पुसलं," म्हणाल्या. "आता परत कोरलंत तर पहिल्यापासून सुरुवात आली. आणि तेवढ्या मुली आता आणायच्या कुठून?"

मी माझा ठराव मागे घेतला. अध्यक्षांनी अनुमोदन दिलं, या वेळी बसूनच. कागदावर लिहिलं गेलं ते असं: बाकी सर्व ओळी कोराव्यात, मधली आहे तशी सोडावी, दुसरा दगड बसवू नये. माझी चार पानं मी घडी करून पर्समध्ये टाकली. 'सर्व कामगारांनी बोध घ्यावा.' घेतला होता की त्या मुलींनी. पिढ्यान् पिढ्या उत्तर देत होत्या त्या मालकाला, तेही न वाचता. आणि मी कॉन्व्हेंटात शिकलेली बाई कागद-पेन्सिल घेऊन ते उत्तर खोडायला निघाले होते.

घरी आल्यावर धाकटीला पकडलं. तुला माहीत होतं?

"पत्ते खेळताना बोलल्या होत्या एकदा."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"त्यांचं त्यांनी सांगावं असं वाटलं. खाली नेऊन दाखवलंही तुला, पण तू ब्रेकवर बोलायला लागलीस. आणि तू भाषण लिहीत होतीस, ताई. किती मजेत होतीस."

मी मजेत नव्हते, मी संतापलेली होते. या दोन्हींतला फरक नर्सबाईंना कळत नाही, याला काय करावं?

३० मार्च

पाथरवट सकाळीच आला. दिवसभर कमानीत टकटक चालू होती. मी खुर्ची टाकून समोर बसले होते. त्यानं मला दोनदा विचारलं की बाई, तुम्हाला घरी काही काम नाही का. मी म्हटलं, हेच आहे. बाकीची अक्षरं सुरेख उठली आहेत. 'कताई खात्यातील एक मुलगी' आता रस्त्यावरून वाचता येतं. मधल्या ओळीपाशी त्यानं छिन्नी खाली ठेवली, फुंकर मारून धूळ उडवली आणि नुसता ओला कपडा फिरवला. एवढी छान झिलई आमच्यानं होत नाही, म्हणाला.

संध्याकाळी धाकटीनं मावशींना खाली आणलं. मागोमाग अध्यक्ष, इस्त्रीचा शर्ट घालून. बातमी फुटली होती बहुतेक, कारण सगळ्या मजल्यांवरची मंडळी हळूहळू येऊन उभी राहिली. भाषण करा म्हणून कुणी म्हणालं नाही. मीही तयारी केली नव्हती, फारशी.

मावशींनी खुर्चीतूनच अंगठा टेकवला. सवयीचा हात तो, बघायचीही गरज पडली नाही त्यांना. मग त्यांनी मुलाचं मनगट धरलं. अध्यक्षांना चांगलंच वाकावं लागलं. आईनं त्यांचा अंगठा जागेवर ठेवून दिला आणि त्यांनी तो एकदा फिरवला, मग न सांगता आणखी एकदा. उठले तेव्हा चष्मा पुसत होते. मी काही बोलले नाही. याची नोंद व्हावी.

तोवर मागे सगळे आपोआप एकामागे एक उभे राहिले होते. जागाच तेवढी अरुंद आहे. पाथरवटसुद्धा हत्यारं बांधून रांगेत. माझी पाळी आली. दगड दिवसभराच्या उन्हानं कोमट होता, आणि अंगठा त्या खोलगटात असा बसला की जणू मापानं केलाय. मला वाटलं होतं, एकदा फिरवावा आणि बाजूला व्हावं. पण मी उभीच राहिले. कुणीतरी माझ्या खांद्याला हळूच ढोसलं.

"ताई, पुढे सरक," धाकटी म्हणाली. "मागे माणसं आहेत."